परमुलखातला दंड: आपण काय देणं लागतो, आपलं काय घेणं असतं

आपल्या व्याख्यानांत कर्तव्य, हक्क, न्याय हे मोठे शब्द नेहमी येतात. आज ते जरा रस्त्यावर आणून बघू. परक्या मुलखात गाडी चालवताना दंड झाला, तर तो आपण का मानायचा, आणि मानायचा तर कसा?

परका मुलूख म्हटला की लोकांना लंडन आठवतं. नंदुरबार जिल्ह्यात मात्र तो हाकेच्या अंतरावर आहे. महाराष्ट्र आणि गुजरातची हद्द नवापूरच्या रेल्वे स्टेशनातूनच जाते. मिरची घेऊन सुरतेला निघालेला पिकअपवाला, ऊसतोडीच्या मजुरांना बारडोलीकडे सोडणारा चालक, पेशंटला सुरतेच्या दवाखान्यात नेणारा घरचा माणूस, असे कितीतरी जण एमएच ३९ ची पाटी घेऊन दुसऱ्या राज्यात जातात. आणि मग कधीतरी मोबाइलवर मेसेज येतो. आपण त्याला चलन म्हणतो, तिकडे मेमो म्हणतात.

आपला परवाना आणि गाडीची नोंदणी, दोन्ही देशभर चालतात. मोटार वाहन कायद्याची कलमं १३ आणि ४६ तेच सांगतात. मग परकेपण उरतं कुठे? एक तर रकमेत. १ सप्टेंबर २०१९ पासून केंद्राने दंड वाढवले. पण जागेवर किती रक्कम भरून प्रकरण मिटवायचं, हे कलम २०० नुसार राज्य ठरवतं. गुजरातने त्याच महिन्यात बऱ्याच रकमा खाली आणल्या. महाराष्ट्राने सुधारित दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. तेव्हा ‘आमच्याकडे एवढा दंड नाही’ हे म्हणणं टिकत नाही. ज्याचा रस्ता, त्याचा दर.

पण का? इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याचं उत्तर असं, की एखाद्या राज्याच्या रस्त्यावरून नुसता मोकळेपणी जाणारा प्रवासीसुद्धा तिथल्या कायद्याला मूक संमती देतो. त्यासाठी तिथला नागरिक असावं लागत नाही. पुढे १७४८ मध्ये डेव्हिड ह्यूम याने यावर बोट ठेवलं. ज्याला दुसरा पर्यायच नाही, त्याची संमती ती कसली? आता आपला पेशंटवाला बघा. सुरतेला जाणं ही त्याची हौस नाही. त्याने मनातल्या मनात करार केला, असं म्हणणं फारच ताणलेलं होईल.

आम्हाला वाटतं, दंडाचं बंधन संमतीवर उभं नाही. ते दोन गोष्टींवर उभं आहे. पहिली, रस्त्यावर दुसऱ्याचा जीव आपल्या हातात असतो, आणि तो जीव हद्द ओळखत नाही. दुसरी, दंड करणाऱ्याने परक्यालाही तीन गोष्टी द्याव्यात: आधी सांगावं, पुरावा दाखवावा, आणि त्याचं ऐकून घ्यावं.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही बरं का. कॅमेऱ्याने होणाऱ्या दंडासाठी केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७ अ आणला. कॅमेरा असलेल्या रस्त्यावर आधी ठळक सूचनाफलक हवा. नोटिशीत फोटो, गाडीचा नंबर, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेलं कलम हवं. नोटीस पंधरा दिवसांत पाठवायला हवी.

म्हणून मेसेज आला की घाबरायचं नाही, आणि दुर्लक्षही करायचं नाही. मेसेजमधली लिंक उघडू नका. चलनाच्या नावाने फाइल पाठवून बँक खातं रिकामं करणारे भामटे आहेत. स्वतः सरकारी ई-चलन पोर्टलवर जाऊन गाडीचा नंबर टाका. फोटो नीट बघा: गाडी आपलीच आहे का, त्या दिवशी ती तिथे होती का? चूक आपली असेल तर भरा, पावती जपा. नसेल तर भरण्याआधी तक्रार करा, कारण पैसे भरले की प्रकरण मिटलं असं धरलं जातं. गाडी दुसऱ्याने चालवली असेल, तर विचारल्यावर त्याचं नाव सांगणं मालकावर कलम १३३ ने बंधनकारक आहे. रस्त्यात रोख रक्कम मागितली तर पावतीशिवाय देऊ नका.

हाच धडा समुद्रापलीकडेही चालतो. मुलांकडे जाणाऱ्यांनी निघण्याआधी आपल्या परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो, आणि मूळ परवाना सोबत नसेल तर त्याचा उपयोग नाही. ब्रिटनमध्ये वेगाची नोटीस गाडीच्या नोंदणीकृत धारकाला चौदा दिवसांत जावी लागते, आणि चालक कोण होता हे त्याने अठ्ठावीस दिवसांत कळवायचं असतं. गाडी भाड्याची असेल तर धारक म्हणजे कंपनी. ती आपलं नाव कळवते आणि त्याचं वेगळं शुल्कही लावू शकते. त्यामुळे आपण घरी परतल्यावर पत्र येऊ शकतं. भाडेकरार म्हणूनच जपून ठेवायचा.

आता परकेपणाची दुसरी बाजू, भाषा. नवापूरच्या कितीतरी चालकांच्या घरची बोली मावची. मराठी त्यांना शाळेत भेटली. त्यांच्या हातात गुजराती मेमो पडला, तर सांगणं, दाखवणं आणि ऐकणं यांतलं पहिलंच निसटतं. न समजलेला दंड थकतो, प्रकरण कोर्टात जातं, आणि पाचशे रुपयांसाठी दिवसाची मजुरी बुडते. नवापूर स्टेशनवर गाडीची घोषणा मराठीत होते आणि गुजरातीतही होते. रेल्वेला जे सुचलं, ते हद्दीलगतच्या मेमोला जमायला काय हरकत आहे? दंड भरणं हे आपलं देणं आहे. तो समजेल अशा भाषेत मिळणं, हे आपलं घेणं आहे.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.