जुन्या मोटारीचा रंग : खर्च कशाचा असतो?

वसंत व्याख्यानमालेत राजकारण, तत्त्वज्ञान, वाङ्मय असे भारदस्त विषय चालावयाचे. त्यांच्या पंक्तीला मोटारीच्या रंगाचा विषय येऊन बसलेला पाहून पुष्कळांना नवल वाटेल. परंतु ज्या घरात एखादी जुनी गाडी जपून ठेवलेली आहे, त्या घरात केव्हा ना केव्हा हा प्रश्न उभा राहतोच. रंग द्यावा की नाही? द्यावा तर कोणता, कोणाकडून आणि किती पैसे मोजून? याचे उत्तर बहुधा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून किंवा कारागिराच्या तोंडी अंदाजावरून ठरते आणि मागाहून पस्तावण्याची पाळी येते. आम्ही स्वतः एकदा तसे पस्तावलो आहोत. म्हणून जे पुढे शिकलो ते येथे क्रमाने सांगावे असे योजले आहे.

आमच्या घरी १९६६ सालची एक फियाट ११०० आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. याच घराण्यातील गाडीला पुढे ‘प्रीमिअर पद्मिनी’ हे नाव मिळाले आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती मुंबईची ओळख होऊन बसली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या टॅक्सीने शहराचा निरोप घेतला. आमची गाडी वडिलांनी घेतलेली. २००६ साली तिचा रंग विटला, दारांच्या खालच्या कडांना गंज दिसू लागला, म्हणून आम्ही ती जवळच्या एका गॅरेजात दिली. आठ दिवसांत गाडी आरशासारखी लखलखत परत आली. खर्च अठरा हजार रुपये. वडील तेव्हा हयात होते. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून ते म्हणाले, “छान झाली, पण हा आपला रंग नव्हे.” आम्ही ते हसण्यावारी नेले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर दारांवर मसुरीएवढे फोड आले आणि चौथ्या वर्षी ते फुटून आतून तांबडी भुकटी गळू लागली.

वास्तविक यात रंगाचा काही दोष नव्हता. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू ही तीन एकत्र आली की गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा पुष्कळ अधिक जागा लागते, त्यामुळे तो वरचा रंग आतून उचलतो. हाच तो फोड. आमच्या गाडीचा गंज पुरता न काढता त्याच्यावर लांबी भरली होती. ही पॉलिएस्टरची लांबी वाळल्यावर दगडासारखी भासते, परंतु ती पाणी शोषून घेते. तिच्यावर पाणी टाकून पॉलिशपेपर मारला आणि ओल पुरती जाण्याच्या आत, तेही ऐन जुलैत, रंग चढवला. म्हणजे गंज आणि पाणी यांना एकाच खोलीत कोंडून बाहेरून कुलूप घातले! रंग गुळगुळीत होता, चकचकीत होता. फक्त त्याच्याखाली काम झालेले नव्हते.

येथे या विषयातील मुख्य गोष्ट हाती येते. मोटार रंगवण्याचा खर्च हा रंगाचा खर्च नसतो. रंगाखाली जे काम केलेले असते आणि जे नंतर कोणालाही दिसत नाही, त्याचा तो खर्च असतो. हे पटण्यासाठी प्रथम रंगांची जात पाहू.

आरंभीच्या मोटारी घोड्यांच्या बग्ग्यांप्रमाणेच रंगवीत. तेलरंग आणि व्हार्निश यांचे एकावर एक हात ब्रशाने द्यावयाचे, प्रत्येक हात वाळू द्यावयाचा आणि घासावयाचा. यात आठवडेच्या आठवडे जात. फोर्डची प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्या रंगात निघे. पुढे अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीने नायट्रोसेल्युलोजचा ‘ड्यूको’ हा रंग आणला आणि जनरल मोटर्सने १९२४ च्या ओकलंड गाड्यांना तो लावला. फवाऱ्याने मारावा आणि तासाभरात हात लावावा, इतका तो झटपट वाळे. ड्यूको हे खरे व्यापारी नाव. पण आपल्या गॅरेजांत फवाऱ्याने दिलेल्या कोणत्याही चकचकीत रंगाला ते नाव चिकटले ते कायमचे. त्यानंतर सिंथेटिक एनॅमल आले, आणि अलीकडच्या काही दशकांत रंग व हार्डनर ऐन वेळी मिसळून मारावयाचा पॉलियुरेथेनचा रंग सर्वत्र रूढ झाला. गॅरेजात याला ‘पीयू’ म्हणतात.

या तिघांच्या वाळण्यात मूलभूत भेद आहे. नायट्रोसेल्युलोजमधील थिनर केवळ उडून जातो, म्हणून पुन्हा थिनर लागला की तो रंग केव्हाही विरघळतो. एनॅमल जवसाच्या तेलाप्रमाणे हवेतील प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होते. पीयू मात्र हार्डनरशी संयोग पावून, सिमेंट पाण्याने धरावे तसा धरतो. एकदा धरल्यावर थिनरने तो हलत नाही. याचा व्यवहारात उपयोग असा की, डिकीच्या आत एखाद्या आडबाजूला थिनरमध्ये भिजवलेला कापूस घासून पाहावा. रंग कापसावर उतरला तर नायट्रोसेल्युलोज, फुगून सुरकुतला तर एनॅमल, काहीच झाले नाही तर पीयू. ही परीक्षा न करता जुन्या एनॅमलवर जोरकस थिनरचा रंग मारला, तर खालचा थर उसळून सबंध बॉनेट सायीसारखे सुरकुतते आणि मग सर्व खरवडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

ऋतूचाही विचार हवा. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो. हवा दमट असेल तर माठाच्या बाहेर पाणी जमावे तसे सूक्ष्म दव ओल्या रंगावर बसते आणि रंग पांढुरका पडतो. नायट्रोसेल्युलोजला ही बाधा फार. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हे काम उघड्या गॅरेजात करूच नये.

आता कामाचा क्रम पाहू. पहिली पायरी गाडी उघडण्याची. दिवे, बंपर, कडेच्या चकचकीत पट्ट्या, काचांची रबरे, दारांच्या मुठी, सर्व उतरवावे. जेथे कागद चिकटवून रंग मारला जातो तेथे रबराच्या कडेशी रंगाची धार राहते आणि सालपट निघण्यास तेथूनच आरंभ होतो.

दुसरी पायरी जुना रंग काढण्याची. तो रासायनिक रिमूव्हरने काढता येतो किंवा घासून. दाबाने वाळू मारून काढण्याची रीत चाकांना व जाड भागांना ठीक. परंतु दारांचा व बॉनेटचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास, तो त्या माऱ्याने लहरी धरतो. जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्या-तांबड्या रंगांत आणि शेंदरी प्राइमरमध्ये शिसे असण्याचा संभव असतो. म्हणून कोरडे घासून धूळ उडवू नये, आणि लहान मुलांना तेथे फिरकू देऊ नये.

तिसरी पायरी पत्र्याची. कुजलेला भाग कापून तेथे नवा पत्रा वेल्डिंगने जोडावा; भोकावर लांबी भरणे ही शुद्ध फसवणूक होय. पोचे हातोडी आणि ऐरणीने होईल तितके काढावेत, म्हणजे लांबी कमी लागते. लांबीचा थर दोन-तीन मिलिमीटरांहून जाड नसावा. यानंतर उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्राइमर, त्यावर लांबी, आणि ती कोरडीच घासावी. मग सरफेसरचे दोन-तीन हात. त्यावर काळ्या रंगाचा विरळ फवारा मारतात आणि लाकडी ठोकळ्यावर ४०० नंबरचा कागद लावून घासतात. जेथे काळे राहिले तो खळगा, जेथे आधी गेले तो उंचवटा. डोळ्याला न दिसणारी चूक अशी हाताला सापडते. या घासण्यातच दिवसचे दिवस जातात, आणि अंदाजपत्रक कमी करावयाचे असले की पहिली काट येथेच बसते.

रंग चढवण्याचे प्रत्यक्ष काम त्या मानाने एका दिवसाचे. दोन-तीन हात, मधे वाळण्यास अवकाश; पुरता धरल्यावर १५०० व २००० नंबरचा कागद पाण्याबरोबर मारून शेवटी पॉलिश.

आता पैशाचा हिशेब. २०२२ साली आम्ही पुन्हा हे काम करावयाचे ठरवले तेव्हा तीन ठिकाणी विचारले. पहिल्याने पस्तीस हजार सांगितले, दुसऱ्याने नव्वद हजार, तिसऱ्याने पावणेतीन लाख. तिघेही रंग एकाच कंपनीचा वापरणार होते! तिसऱ्याने आकडे फोड करून दिले ते असे : पत्रा कापणे, जोडणे व ठोकणे ८०,०००, जुना रंग काढणे, लांबी व घासकाम १,००,०००, प्राइमर, रंग, थिनर, कागद इत्यादी सामान ६०,०००, गाडी उघडणे, जोडणे व नवी रबरे ३५,०००. साठ हजारांच्या सामानात वरच्या रंगाचे डबे पंधरा हजारांचे होते. म्हणजे लोक ज्याला ‘रंग’ म्हणतात, त्याचा वाटा रुपयात साडेपाच पैसे! पहिल्या कारागिराला आम्ही लबाड म्हणत नाही. तो जुन्या रंगावर हलका कागद मारून नवा हात देणार होता, आणि पत्रा निरोगी असेल तर तेवढे पुरेही होते. चूक होते ती पस्तीस हजारांत पावणेतीन लाखांच्या कामाची अपेक्षा धरण्यात.

या हिशेबात एक खर्च कोणी मांडत नाही. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा श्वासाबरोबर आत गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अत्यल्प मात्राही सोसत नाही. मग त्या माणसाला तो धंदाच सोडावा लागतो. तोंडाला बांधलेला रुमाल येथे निरुपयोगी आहे. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मुखवटा लागतो. आम्ही तिसऱ्याकडे काम दिले त्याचे अर्धे कारण हे की, त्याच्याकडे तो मुखवटा होता, आणि दारामागे टांगलेला नव्हता, वापरात होता. आपल्या हौसेची किंमत दुसऱ्याच्या फुप्फुसांनी भरावी हे कोणत्याही भावात स्वस्त नव्हे.

याच्या उलट बाजूचाही विचार केला पाहिजे. प्रत्येक जुन्या गाडीला रंग द्यावाच असे नाही. कारखान्याचा मूळ रंग शाबूत असेल, केवळ विटला असेल, तर पॉलिशने तो पुष्कळ उजळतो. मूळ रंग एकदा खरवडला की जगातील कोणताही कारागीर तो परत आणू शकत नाही. त्याची नक्कल तेवढी करू शकतो. जाणते संग्राहक म्हणूनच थोड्या ओरखड्यांसह मूळ रंगाच्या गाडीला मान देतात. गाडी विकत घेताना पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक दारांच्या खालच्या कडांवरून फिरवावे. जेथे ते धरत नाही तेथे पत्रा कमी आणि लांबी अधिक आहे असे समजावे.

कायद्याचे दोन शब्द. गाडीच्या नोंदणीत रंगाची नोंद असते. रंग पालटला तर परिवहन कार्यालयातून ती दुरुस्त करून घ्यावी. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुनी व मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, हे नोंदणीपूर्वी ध्यानात घ्यावे.

आमच्या गाडीला दोन कारागिरांचे पाच आठवडे लागले. उघडताना कारागिराने दाराचे आतले पुठ्ठे काढले आणि आम्हाला हाक मारली. पुठ्ठ्याच्या मागे, २००६ सालचा फवारा जेथे पोचला नव्हता तेथे, हातभर पत्र्यावर कारखान्याचा मूळ रंग होता : फिकट, किंचित हिरवट झाक असलेला करडा. वडील म्हणाले होते तो हाच. ते ऐकावयाला राहिले नव्हते. त्या तुकड्यावरून रंग जुळवून गाडी रंगवली. तो तुकडा मात्र तसाच ठेवण्यास सांगितले. पुढे कोणाला ही गाडी पुन्हा रंगवावी लागली तर त्याला विचारण्यासाठी कोणाकडे जावे लागू नये, एवढ्यासाठी.