पॅकेजची वाटचाल : लेखांक ६
स्टेबलचा उशीर

डेब फाइलमध्ये काय काय असते ते मागच्या आठवड्यात पाहिले. ही फाइल आपल्या संगणकापर्यंत कशी पोहोचते, ते आज पाहू.

डेबियनमध्ये मेंटेनर नवे पॅकेज आधी ‘अनस्टेबल’मध्ये चढवतो. या शाखेचे कायमचे नाव ‘सिड’. तिथे काही दिवस गंभीर बग निघाला नाही, तर ते ‘टेस्टिंग’मध्ये सरकते. साधारण दोन वर्षांनी टेस्टिंग गोठवतात, उरलेले बग काढतात आणि तिचीच ‘स्टेबल’ होते. बारावी आवृत्ती जून २०२३ मध्ये आली, तेरावी ऑगस्ट २०२५ मध्ये. स्टेबलमधली सॉफ्टवेअर जुनी असतात ही तक्रार त्यामुळे खरीच आहे. तरीही हा उशीर मला मोलाचा वाटतो. त्याचे कारण २०२४ साली घडले.

एक्सझेड हे फाइली आकसवण्याचे साधन. बरीच वर्षे एकच माणूस फावल्या वेळात ते सांभाळत होता. ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी मदतीला आले, दोनेक वर्षे चांगले काम करत राहिले आणि नव्या आवृत्त्या काढण्याचा अधिकार मिळवून बसले. त्या नावाने निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. तो जागा करणारी ओळ गिटमधल्या सर्वांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हती. फक्त वाटपासाठी बांधलेल्या टारबॉलमध्ये होती. शिवाय डेब किंवा आरपीएम पॅकेज बांधले जात असेल तरच ती काम करी. म्हणजे नेम डेबियनसारख्या वितरकांवरच धरला होता.

आणि वाट वितरकांनीच नकळत करून दिली होती. चोरदरवाजाचा रोख ओपनएसएसएच या दूरस्थ लॉगिनच्या साधनावर होता, पण मूळ ओपनएसएसएच एक्सझेडची लायब्ररी वापरत नाही. डेबियनने सिस्टमडीशी जुळण्यासाठी त्याला पॅच लावला होता, त्यातून ती लायब्ररी आत येत होती.

आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस-विकसकाला आपल्या सिड यंत्रावर एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला. त्याने तो धागा सोडला नाही. २९ मार्च २०२४ ला त्याने सारे जाहीर केले. तोवर विषारी पॅकेज सिड आणि टेस्टिंगपर्यंत पोहोचले होते, स्टेबलपर्यंत नाही. जगभरचे बहुतेक डेबियन सर्व्हर चालतात ते स्टेबलवर.

एकाच स्रोतातून कुणीही बांधले तरी पॅकेज बाइटभरही बदलू नये, यासाठी डेबियनमध्ये २०१३ पासून नेटाने काम चालू आहे. ते फार महत्त्वाचे आहे, पण इथे ते पुरले नसते, कारण स्रोत म्हणून घेतलेला टारबॉलच बिघडवलेला होता. म्हणून मेंटेनरने टारबॉल गिटशी ताडून पाहायला हवा किंवा सरळ गिटमधल्या सही केलेल्या टॅगवरूनच पॅकेज बांधायला हवे. ती सही कोण करतो आणि आपला संगणक ती कशी तपासतो, ते पुढच्या लेखात.