संपाची मागणी, समितीचा तोडगा

राज्य सरकारी कर्मचारी १४ मार्च २०२३ रोजी बेमुदत संपावर गेले, ते पगारवाढीसाठी नव्हे. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांनाही जुने निवृत्तिवेतन द्यावे, ही त्यांची मुख्य मागणी होती. जुन्या योजनेत अखेरच्या वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी आहे. नव्या योजनेत कर्मचारी आणि सरकार यांचे अंशदान बाजारात गुंतवले जाते. चढउताराची जोखीम कर्मचाऱ्याच्या माथी.

अशा वाटाघाटीत समोरचा पक्ष केवळ मालक नसतो, कायदेही त्याच्याच हाती असतात. संपकाळातच विधिमंडळाने अत्यावश्यक सेवा परिरक्षण विधेयक मंजूर केले. शिवाय सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात म्हटले होते. तरीही रुग्णालये व कार्यालये ओस पडल्यावर सरकारला चर्चा करावीच लागली.

मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशी चर्चेनंतर २० मार्चला संप मागे घेण्यात आला. कर्मचाऱ्यांच्या पदरात तूर्त आश्वासन आणि अभ्यास समितीच पडली. 'समिती म्हणजे वेळकाढूपणा' ही शंका अनाठायी नव्हती. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतनाची हमी देणारी योजना स्वीकारली. कर्मचाऱ्यांच्या वेतनातून होणारी अंशदानाची कपात मात्र तिने थांबवली नाही.