चिकूचा चीक आणि आयडियाचं कुलूप

डहाणू तालुक्यातल्या घोलवडच्या वाडीत कच्चा चिकू तोडला की देठातून पांढरा चीक गळतो. बोटं चिकट, शर्टावर डाग, घरी ओरडा. १८६०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये थॉमस ॲडम्स नावाचा माणूस याच झाडाच्या, मेक्सिकोहून आलेल्या चिकाशी झटापट करत होता. त्याला त्याचं स्वस्त रबर बनवायचं होतं. रबर काही जमेना. मेक्सिकोत लोक हा चीक नुसता चघळतात हे त्याला ठाऊक होतं. मग त्यानेही चघळायचाच माल बनवला आणि १८७१मध्ये अमेरिकेत पेटंट घेऊन टाकलं. म्हणजे जुन्या काळचं च्युइंग गम हे चिकूच्या झाडाचंच देणं, आणि तेही फसलेल्या प्रयोगातून आलेलं.

रबरावरून आठवलं. डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत. पहिला रबरी फुगा मात्र वाढदिवसासाठी बनलाच नव्हता. १८२४मध्ये लंडनमध्ये मायकेल फॅराडेला हायड्रोजन वायू कशात तरी कोंडायचा होता. त्याने रबराचे दोन तुकडे एकावर एक ठेवले, कडा दाबून चिकटवल्या आणि मधला भाग चिकटू नये म्हणून आत पीठ चोळलं. आपण पोळपाटाला लावतो तसं! पुढच्याच वर्षी टॉमस हॅनकॉकने घरी फुगा बनवायचं सामान खेळणं म्हणून विकायला काढलं. डोकं एकाचं, दुकान दुसऱ्याचं.

अकराव्या वर्षी शोध, पेटंट मात्र मोठेपणी

१९०५मध्ये अमेरिकेतला ११ वर्षांचा फ्रँक एपर्सन पेल्यात सरबत आणि ढवळायची काडी रात्रभर अंगणात विसरला. सकाळी काडीवर बर्फाचा गोळा! पेटंट मिळायला १९२४ उजाडलं. मधली १९ वर्षं हाच गोळा दुसऱ्या कुणी विकायला काढला असता, तर बिचारा काय दाखवणार होता?

भारतातलं पहिलं पेटंट १८५६चं. ते मिळालं कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंगला, पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. साहेबाला वारा घालायला दिवसभर दोरी ओढणारा माणूस बसलेला असायचा, त्याच्या कामाचं ते यंत्र. पेटंटला सरकारी मराठीत ‘एकस्व’ म्हणतात. शब्द देखणा आहे, पण परीक्षेबाहेर तो कुणाच्या तोंडी ऐकलाय?

कुठल्या आयडियाला कुठलं कुलूप?

समजा, तलासरीच्या एखाद्या मुलीने चिकू तोडायची काठी बनवली. बांबूच्या टोकाला जाळी असते ती सगळ्यांना माहीत आहे. हिने मात्र सायकलच्या ब्रेकची तार लावली. खाली दांडा दाबला की वर पातं हलतं, देठ कापला जातो आणि फळ कापडी नळीतून अलगद खाली येतं. चीक अंगावर नाही, फळाला मार नाही. अशी काठी याआधी जगात कुठेच नसेल, जाणकारालाही सहज सुचण्यासारखी नसेल आणि कामाची असेल, तर पेटंट मागता येतं. ते अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं चालतं. मधल्या वर्षांत चालू ठेवायची फी भरावी लागते. काठीचं नुसतं रूप वेगळं असेल तर डिझाइनची नोंदणी: आधी १० वर्षं, मग आणखी ५. काठीला दिलेलं नाव आणि चिन्ह हा ट्रेडमार्क, दर १० वर्षांनी नवा करत राहायचा.

आणि चिकूची छाटणी करायची नवी पद्धत तिने शोधली तर? पेटंट नाही. शेती-बागायतीच्या पद्धतींना आपल्या कायद्यात पेटंट मिळत नाही. अवजाराला मिळतं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या ज्ञानालाही नाही, त्यामुळे भोपळ्यापासून बनणारं तारपा हे वाद्य कुणी ‘माझा शोध’ म्हणून नोंदवू शकणार नाही. हळद आठवतेय ना? जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठाच्या नावावर गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे केले, आणि १९९७मध्ये ते रद्द झालं. आजीचा बटवा कागदावर होता म्हणून केस जिंकलो.

सगळ्या गावाचं मिळून एक

भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, एकट्याचं नसतं. वारली चित्रकलेला ते २०१४मध्ये मिळालं. त्यासाठी झटली डहाणू तालुक्यातली आदिवासी तरुणांची संघटना, आदिवासी युवा सेवा संघ. वकिलांची फौज नाही की मोठी कंपनी नाही. मला या सगळ्या यादीत हीच गोष्ट सर्वांत भारी वाटते. घोलवडच्या चिकूचा नंबर २०१६मध्ये लागला. तिथल्या मातीतलं कॅल्शियम त्या गोडीमागे आहे, असं सांगतात.

पण जीआय आलं म्हणून प्रत्येक चित्र आपोआप राखलं गेलं असं नाही. चित्राचं कुलूप वेगळं, कॉपीराइट. त्याला अर्जही लागत नाही. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेघ ओढली की हक्क सुरू. तो चित्रकाराच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं टिकतो. गंजाडचे वारली चित्रकार पद्मश्री जिव्या सोमा मशे २०१८मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०७८च्या अखेरीपर्यंत शाबूत. तेव्हा पोरांनो, कोपऱ्यात नाव आणि तारीख घाला. उद्या तुमचा तारपानाच कुणाच्या टी-शर्टवर दिसला तर दाखवायला काहीतरी हवं.

डहाणू तालुक्यातूनच निघालेल्या एका मोठ्या कल्पनेला मात्र कुठलंच कुलूप नव्हतं. १९४५मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम मांडलं. पाडा शाळेत येईना, तर शाळाच पाड्याच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. खेळणी म्हणजे पानं, बिया, शंख-शिंपले. अंगणातली ही शाळा ‘अंगणवाडी’ म्हणून आज देशभर आहे आणि नुसत्या कल्पनेवर कायदा हक्क देतही नाही. बरंच झालं म्हणायचं!

आता कामाचं

एकट्या माणसाला पेटंटचा ऑनलाइन अर्ज १६०० रुपयांपासून सुरू होतो. तपासणीची फी पुढे वेगळी. यंत्र अजून अर्धवट असेल तर आधी तात्पुरता अर्ज करून तारीख पकडता येते. पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यायचा. त्याआधी पेटंट कार्यालयाच्या वेबसाइटवर जुनी पेटंटं फुकट चाळा; आपल्याला काल सुचलेलं कुणाला तरी १९३०मध्ये सुचलेलं असतं. वहीत तारीख घालून आकृत्या काढा, फसलेल्यासुद्धा.

आणि अर्ज जाईपर्यंत आपल्या यंत्राचा व्हिडिओ स्टेटसला टाकू नका. जगाने आधी पाहिलं की कायद्याच्या लेखी ते नवं राहत नाही, मग ते तुम्हीच दाखवलेलं का असेना.