अतिक्रांतिक निष्कर्षण, सुगंधी तेलांचे
फुले, गवते, बिया इ. वनस्पतिज पदार्थांतील बाष्पनशील तेल अतिक्रांतिक अवस्थेतील वायूत विरघळवून वेगळे काढण्याची पद्धती. क्रांतिक तापमानाच्या वर वायूवर कितीही दाब दिला, तरी त्याचे द्रवात रूपांतर होत नाही. कार्बन डाय-ऑक्साइडाच्या बाबतीत हे टॉमस अँड्रूझ यांनी १८६९ मध्ये प्रयोगांनी स्पष्ट केले. या वायूचे क्रांतिक तापमान सु. ३१° से. व क्रांतिक दाब सु. ७३ वातावरणे आहे. या दोहोंच्या पलीकडे तो द्रवाप्रमाणे तेल विरघळवितो आणि वायूप्रमाणे वनस्पतीच्या ऊतकांत सहज शिरतो.

कच्चा माल जाड पोलादी पात्रात भरून त्यातून सु. ४०° से. तापमानास हा वायू उच्च दाबाखाली खेळवितात. पुढे दाब उतरविला की, तेल विलग होते व वायू पुन्हा वापरता येतो. तेलात विद्रावकाचा अंश उरत नाही. पाकळ्यांवरील मेणही सोबत येते. ते थंड केलेल्या पहिल्या विलगकात गोठवून काढतात. मोगरा, जाई यांसारख्या, वाफेच्या उष्णतेने ज्यांचा गंध बिघडतो अशा फुलांना ही पद्धती विशेष उपयुक्त आहे.

वऱ्हाडातील परिचित सुगंधी तेल मात्र रोशा गवताचे (तिखाडीचे) होय. हे गवत अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या उत्तरेकडील गाविलगड टेकड्यांत व मेळघाटात रानटी अवस्थेत आढळते. त्याचे मोतिया व सोफिया असे दोन प्रकार असून मोतियाचे तेल श्रेष्ठ समजतात. त्यात जिरॅनिऑल सु. ७५ ते ९० टक्के असल्याने त्याला गुलाबासारखा वास येतो. १९ व्या शतकात हे तेल कॉन्स्टँटिनोपलला जाई व तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई.

जिरॅनिऑल वाफेच्या ऊर्ध्वपातनात बरेचसे टिकून राहते. शिवाय गवत पुष्कळ व तेल थोडे असल्याने भट्टी रानाजवळच असणे सोयीचे ठरते. उच्च दाबाची पात्रे, संपीडक व वीज यांचा खर्च त्यामुळे रोशाला सहसा परवडत नाही. साध्या भट्टीतील खरा दोष म्हणजे उघड्या जाळामुळे तळाचे गवत करपून तेलाला जळका वास लागणे. मोतिया गवत निवडून फुलोऱ्यात कापणे आणि वाफ वेगळ्या बाष्पित्रातून देणे, एवढ्यानेही तेलाची प्रत सुधारते. पद्धतीची निवड अशा रीतीने तिच्या नवेपणावर नव्हे, तर गंधद्रव्याच्या स्वभावावर अवलंबून असते.