मातीतल्या जिवांची मोजदाद करणाऱ्या डायना वॉल



पाड्यावर शेतीच्या गोष्टी निघाल्या आणि कोणी ‘सूत्रकृमी’ म्हटले, की टोमॅटोच्या किंवा वांग्याच्या मुळांवरच्या गाठी डोळ्यांपुढे येतात. सूत्रकृमी म्हणजे पिकाचा शत्रू, एवढीच आपल्याकडे त्यांची ओळख. ही ओळख अर्धीच आहे, हे मला डॉ. डायना वॉल या अमेरिकन संशोधक बाईंचे काम वाचताना समजले. २०२४ च्या मार्च महिन्यात, वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मातीकडे पाहण्याची जगाची नजर बदलण्यात त्यांचा मोठा वाटा आहे, म्हणून त्यांच्या संशोधनाची ही ओळख.

वॉलबाईंनी १९७१ मध्ये केंटकी विद्यापीठातून वनस्पतिरोगशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. म्हणजे त्यांचीही सुरुवात रोगापासूनच झाली. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील शाखेत त्या सूत्रकृमींचा अभ्यास करू लागल्या. त्यांचे सुरुवातीचे बरेच लेख डायना फ्रेकमन या नावाने छापलेले आहेत. वाळवंटातली माती कोरडी पडली की त्यातले सूत्रकृमी अंगातले पाणी गमावून वेटोळे करतात आणि निपचित पडतात. ओल मिळाली की पुन्हा हालू लागतात. मेल्यासारखी दिसणारी माती खरोखर मेलेली असतेच असे नाही, हा या अभ्यासातला पहिला धडा.

आता एक अडचण समजून घेऊ. शेतातल्या मूठभर मातीत जिवाणू, बुरशी, कोळीवर्गातले बारीक प्राणी, सूत्रकृमी असे असंख्य जीव एकत्र नांदतात. काही सूत्रकृमी मुळे पोखरतात, पण पुष्कळसे जिवाणू किंवा बुरशी खाऊन जगतात. जिवाणू खाल्ल्यावर जो नत्र त्यांना जास्त होतो, तो ते बाहेर टाकतात आणि तो पिकाच्या मुळांना मिळतो. एवढ्या गर्दीत कोणता जीव कोणते काम करतो, हे कसे ओळखायचे?

वॉलबाईंनी उलटा मार्ग धरला. जिथे अगदी मोजके जीव आहेत अशा ठिकाणी त्या गेल्या: अंटार्क्टिकातील मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्यांत. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून रॉस व्हर्जिनिया या सहकाऱ्याबरोबर त्यांनी तिथली माती तपासली. ती माती जवळजवळ निर्जीव समजली जात असे. तिच्यात त्यांना सूत्रकृमी सापडले. बहुतेक ठिकाणी एकाच जातीचे वर्चस्व होते. तिचे नाव स्कॉटनेमा लिंडसेई. अशा ठिकाणी एक जात कमी झाली, तर तिचे काम करायला दुसरे कोणी नसते.

ही जात कमी होतही होती. २००२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या लेखात, ज्याच्या लेखकांत वॉलबाई होत्या, असे नोंदवले आहे की १९८६ ते २००० या काळात या दऱ्या थंड होत गेल्या आणि मातीतल्या प्राण्यांची संख्या वर्षाला १० टक्क्यांहून अधिक घटली. पुढे त्यांच्या गटाने संशोधकांच्या स्वतःच्या पायवाटाही तपासल्या. जास्त तुडवलेल्या वाटांवर सूत्रकृमी कमी आढळले.

पण अंटार्क्टिकातला निष्कर्ष सगळ्या जगाला कसा लागू करायचा? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ६ खंडांतल्या ३० ठिकाणी एकाच प्रकारचे वाळलेले गवत कुजायला ठेवले होते. एका भागात मातीतल्या प्राण्यांना मोकळीक, दुसऱ्या भागात ते कमी राहतील अशी व्यवस्था. समशीतोष्ण आणि पावसाळी उष्ण प्रदेशांत या प्राण्यांमुळे गवत लवकर कुजले. जिथे थंडी किंवा कोरडेपणा फार, तिथे फरक पडला नाही. जगभरातल्या कुजण्याचा हिशोब मांडताना हे प्राणी तोवर धरलेच जात नव्हते.

आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यात पावसाळ्यात ऊब आणि ओल दोन्ही असतात. म्हणजे या मदतनिसांना काम करायला इथे भरपूर वाव आहे. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्यामागे शेतकऱ्याची स्वतःची कारणे आहेत: तण मरते, राख मिळते. पण जो पालापाचोळा जळतो, तो या जिवांच्या वाट्याला येत नाही. गरजेपुरता राब आणि उरलेला पाला कुजायला, असा विचार करता येईल.

२०११ मध्ये मातीतल्या जैवविविधतेसाठी जागतिक उपक्रम सुरू झाला. त्याच्या नेतृत्वात वॉलबाई होत्या. २०१५ मध्ये ‘नेचर’मधील लेखात त्यांनी सहकाऱ्यांसह मातीतले जीव आणि माणसाचे आरोग्य यांचा संबंध मांडला: रोगकारक जिवांवर नियंत्रण, सकस अन्न, स्वच्छ पाणी आणि हवा. २०१६ मध्ये मातीतल्या जिवांचा जागतिक नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासाने जमिनीवरच्या दर पाच प्राण्यांपैकी सुमारे चार सूत्रकृमी असल्याचा अंदाज मांडला. २०१३ चा टायलर पुरस्कार वॉलबाईंना मिळाला, आणि अंटार्क्टिकातल्या एका दरीला त्यांचे नाव आहे.

त्यांच्या कामाचा खरा प्रभाव मला पुरस्कारांत दिसत नाही, तर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नात दिसतो. आपल्या शेतकऱ्यांना मिळणाऱ्या जमीन आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टींची तपासणी असते: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. हे सर्व उपयोगाचे आहे. पण त्या मातीत राहते कोण, याचा रकाना तिथे नाही. ‘आरोग्य’ हा शब्द आपण जिवंत गोष्टीसाठी वापरतो, तेव्हा हा प्रश्न विचारायलाच हवा.

म्हणून आपल्यापैकी जे शेतकरी कुटुंबांच्या संपर्कात असतात, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. रोप कोमेजले की लगेच सगळ्या वाफ्यावर विषारी औषध ओतू नये. आधी रोप उपटून मुळे पाहावीत. गाठी दिसल्या, तर मुळांसह रोप जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावे. औषध शत्रू आणि मदतनीस असा भेद करीलच असे नाही. तो भेद आधी आपणच करायला हवा.