वेदनेची देवडी (लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात आपण पाहिले की, बोटाला चटका बसला म्हणजे त्याची वर्दी थेट मेंदूच्या सदरेवर जात नाही. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या सिद्धान्ताप्रमाणे ती आधी मज्जारज्जूतील देवडीवर थांबते, आणि तिच्यातील किती पुढे सोडावयाची, याचा अखत्यार शरीराने स्वतःकडे राखून ठेवला आहे. त्या देवडीवर ज्यांची ताकीद चालते त्यांपैकी एक संप्रेरक म्हणजे ऑक्सिटोसिन.

त्याचे नाव ‘शीघ्र प्रसव’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून पडले. १९०६ साली हेन्री डेल यांना पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावताना दिसले, आणि १९५३ साली व्हिन्सेंट डु व्हिन्यो यांनी अवघ्या नऊ अमिनो आम्लांची ही साखळी प्रयोगशाळेत जुळविली. ज्याची पहिली ओळख कळा आणणारे अशी झाली, तेच कळ शमविणारेही निघावे, हे मला या विषयातील सर्वांत विलक्षण वाटते.

याचा उलगडा असा, की हायपोथॅलॅमसमधील मोठ्या चेतापेशी हे द्रव्य पीयूषिकेच्या वाटेने रक्तात सोडतात, तर काही लहान पेशींचे तंतू खाली मज्जारज्जूपर्यंत उतरून वेदनेची वर्दी नेणाऱ्या पेशींना तेथल्या तेथे शांत करतात. २०१६ साली स्ट्रासबर्ग व हायडेलबर्ग येथील संशोधकांना उंदरांच्या मेंदूत अशा सुमारे तीसच पेशी आढळल्या; त्या मज्जारज्जूत स्वतः काम करतात आणि मोठ्या पेशींनाही रक्तात द्रव्य सोडण्याचा हुकूम देतात. एवढ्या मोठ्या देहाच्या पीडेवर तीस पेशींचा अंमल!

मग प्रसूतीच्या वेळी हेच औषध सलाइनमधून दिले असता वेदना कमी न होता कळा तीव्र का होतात, असे वाचक विचारतील. त्याचे कारण, रक्तातील ऑक्सिटोसिनला मेंदूच्या वेशीतून आत जाण्याचा परवाना जवळजवळ मिळतच नाही. ते गर्भाशयावर काम करते, देवडीपर्यंत फारसे पोहोचत नाही. आतून स्रवणारे ऑक्सिटोसिन मात्र दोन्हीकडे पोहोचते, आणि त्याला जागविणाऱ्या गोष्टींत त्वचेला लाभणारा उबदार स्पर्श हा एक प्रमुख आहे.

रक्ततपासणीसाठी नवजात बाळाच्या टाचेला सुई टोचतात. बाळ एकटे पडलेले असले तर पाय आखडते, मुठी वळते, कपाळ आक्रसून टाहो फोडते. उघड्या अंगाने आईच्या उघड्या उरावर पालथे ठेवलेल्या बाळांचे रडणे मात्र, २०००च्या एका अमेरिकन अभ्यासात, तब्बल ८२ टक्क्यांनी कमी भरले. याचे सारे श्रेय ऑक्सिटोसिनला देणे सयुक्तिक नव्हे, कारण आईचा गंध, ऊब आणि हृदयाचे ठोके यांचाही त्यात वाटा असणार. तरीही जेथे सुई टोचण्यासाठी बाळाला आईपासून दूर मेजावर नेतात, तेथील परिचारिकांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांनी आधी बाळ आईच्या उराशी द्यावे, दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत, आणि मगच ती इवलीशी टाच हाती घ्यावी.